काडी वाकवण्याचे दिवस

जर्मनीत मोझेल नदीकाठचे द्राक्षबागायतदार मार्चमध्ये ओलसर हवेची वाट पाहतात. कोरड्या हवेत गेल्या वर्षीची काडी वाकवायला गेलं की काटकन मोडते. भुरभुर पाऊस असला की तीच काडी वळते.

ब्रेम गावचा काल्मोंट हा उतार काही ठिकाणी ६० अंशांहून उभा आहे. तिथे एक बाई पाय तिरके रोवून वेलीसमोर उभ्या होत्या. अंगठ्यांनी काडी जराजरा दाबत, किंचित पिळत त्या वळवत होत्या. आतून बारीक करकर ऐकू आली की थांबायचं, मग पुढे. दोन्ही बाजूंच्या काड्या खाली आणून बुंध्याशी बांधल्या, की बदामाचा आकार होतो. असं वाकवलं की जोर शेंड्याच्या डोळ्यांतच जात नाही, काडीवरचे डोळे सारखे फुटतात. पूर्वी बांधायला वाळुंजाच्या कोवळ्या फांद्या वापरत. इथे तारा नाहीत, प्रत्येक वेलीला तिचा खांब. त्यामुळे उतारावर आडवंही फिरता येतं.

आपल्या नाशिक-सांगलीकडे वेल थंडीत झोपत नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोड छाटणी. मोझेलला हिवाळ्यात एकच छाटणी, आणि ऑक्टोबर हा रीसलिंगच्या तोडणीचा महिना. उशिरा पिकणारं हे द्राक्ष ५० अक्षांशावर तयार होतं ते उन्हाकडे तोंड केलेल्या उतारांमुळे. पायाखाली स्लेट, शाळेच्या पाटीचा दगड. दिवसा तापतो, रात्री ऊब सोडतो. नदीच्या वरच्या अंगाला चुनखडीवर एल्बलिंग हे जुनं वाण टिकून आहे. १७८७ मध्ये ट्रियरच्या राजबिशपांनी हलक्या वाणांच्या जागी चांगली वाणं लावायचा हुकूम काढला, त्याचा रीसलिंगला मोठा आधार झाला. लवकर पिकणारं म्युलर-थुर्गाऊ सपाटीवरही येतं.

रीसलिंगही सपाटीवर लावतात. पण मला उतारावरचीच वाइन मोलाची वाटते: कमी अल्कोहोल, धारदार आंबटपणा, आणि तो सावरणारी गोडी.

एकरुळी छोटी गाडी आता माणसं आणि क्रेट वर नेते. छाटणी, बांधणी, तोडणी मात्र हातानेच होते. ते हात मिळेनासे झाले, म्हणून सर्वांत उभ्या उतारांपैकी काही झुडपांखाली गेले आहेत आणि तिथले दगडी बांध ढासळत आहेत.