अंगणातल्या कोंबड्या आणि नागपूरचे ऊन

वडील गेल्यावर आईला उमरेडकडच्या गावाहून नागपूरला आणले. मागे पेरूचे झाड, कढीपत्ता, बरीचशी मोकळी जागा. तरी तिचे मन रमेना. सवयीने पहाटे साडेचारला उठायची आणि करण्यासारखे काही नाही म्हणून अंधारात बसून राहायची. एके दिवशी म्हणाली, "बाबू, दोन कोंबड्या तरी आन. सकायी कोनीतरी हाक मारनारं पाह्यजे."

मी हौसेने कामाला लागलो. मार्चमध्ये पश्चिमेच्या भिंतीला टेकवून टिनाचे खुराडे ठोकले, पुढे जाळीचे आवार केले आणि सहा तलंगा आणल्या. आईचा चेहरा उजळला. मे महिन्यातल्या एका दुपारी घरी आलो, तर चार कोंबड्या पंख पसरून मरून पडल्या होत्या. आईने मला बोल लावला नाही. "कोंबडीले घाम येत नाही, बाबू," एवढेच म्हणाली. त्यानंतर कित्येक दिवस ती मागच्या दाराकडे फिरकली नाही. उरलेल्या दोन मी गावी पाठवल्या.

चूक माझीच होती. कोंबडीचे शरीर मुळात ४१-४२ अंशांवर असते आणि तिला घर्मग्रंथी नाहीत. चोच उघडी ठेवून धापा टाकणे हाच तिचा उपाय. मे २०१३मध्ये नागपूरचा पारा ४८ अंशांच्या उंबरठ्यावर गेला होता. अशा गावात पश्चिमेच्या उन्हात टिनाचे खुराडे म्हणजे भट्टीच.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती दसऱ्यानंतर आणि आईला विचारून. पहिला नियम, जागा झाडाखालची. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन आत कमी शिरते. टिनावर तणसाचा जाड थर घातला. पश्चिमेला तुराट्यांची ताटी बांधली. उन्हाळ्यात तिच्यावर ओले बारदान सोडतो. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दुपारी पुन्हा ताजे. दाणा मात्र पहाटे आणि संध्याकाळीच. पचनाने अंगात उष्णता वाढते, म्हणून भर दुपारी चारू नये.

दुसरा नियम जाळीचा. मुंगूस आणि मांजर हे आपल्या वस्तीतले खरे शत्रू. मोठ्या भोकांच्या पातळ जाळीने कोंबडी आत राहते, पण शत्रू बाहेर राहतोच असे नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्यावी आणि मुंगूस खालून उकरू नये म्हणून फूटभर जमिनीत गाडावी. रात्री कोंबड्या बंद खुराड्यात, आडव्या काठीवर. खाली धानाच्या तुसाचा दोन-तीन इंच थर. तो कोरडा ठेवला की वास येत नाही आणि शेजाऱ्यांची तक्रारही येत नाही. शेजारी आणि महापालिका या दोघांना मात्र आधी विचारून घ्यावे.

तिसरा नियम, एक दिवसाची पिल्ले नवख्याने आणू नयेत. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंशांची ऊब लागते. आठ आठवड्यांची तलंग घ्यावी आणि घेतानाच राणीखेतच्या लसी झाल्या का, हे विचारावे. कुमाऊँमधल्या गावाचे नाव मिळालेला हा रोग पाहता पाहता सगळे खुराडे रिकामे करतो. आपल्याकडे १९५८पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेव्हा ऐकीव औषधांवर भिस्त कशाला? डिसेंबर २०२४मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, ते बर्ड फ्लूने. तेव्हा एकाएकी पक्षी मरू लागले तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवावे.

हिशेबही सांगतो. एक कोंबडी दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते. शिवाय कवच पक्के होण्यासाठी शिंपल्यांचा चुरा. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, वनराजासारखी सुधारित जात त्याहून अधिक. मोठ्या फार्मची कोंबडी तीनशेच्या घरात जाते. त्यामुळे बाजारभावाशी स्पर्धा करायला कोणी कोंबड्या पाळू नयेत.

कोंबडा मात्र आणला नाही. शेजारच्यांची रात्रपाळी असते. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, तो लागतो पिल्लांसाठी, हे समजावण्याची आईला गरजच नव्हती. तिला हवी होती ती हाक. ती आता नाही, याची मला चुटपुट होती.

फेब्रुवारीच्या अखेरीस पहिले अंडे आले. मेचा उन्हाळाही सहा जणींनी काढला, सहाही जिवंत. आई अजून साडेचारलाच उठते; अंधारात बसत मात्र नाही. उजाडायची वाट पाहत मागच्या पायरीवर जाते, खुराड्याची कडी काढते आणि एकेकीला नावाने हाक मारते.