सही केली, म्हणजे नेमके काय सोडले?

परभणी, मानवत, सेलूच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि ऊन तापू लागले की आवरत येतो. एखाद्या वर्षी मालक यंत्रे विकायला काढतो किंवा कारखाना दुसऱ्याच्या हाती जातो, आणि मग ऑफिसात एकेकाला बोलावणे येते. टेबलावर छापील कागद, खाली रेव्हेन्यू तिकीट, शेजारी चेक. ‘मामा, इथं सही करा, हिशेब क्लिअर.’ कागदावर ओळी थोड्याच असतात: मी स्वखुशीने राजीनामा देत आहे, माझे सर्व येणे पोचले, यापुढे कंपनीविरुद्ध कोणताही दावा करणार नाही. तारखेची जागा कधी कधी कोरीच.

यातली सर्वांत महागात पडणारी ओळ पहिली आहे. शेवटची धोक्याची वाटते, पण खरे नुकसान ‘स्वखुशीने राजीनामा’ या शब्दांत असते. मालकाने कामावरून कमी केले तर ती कपात ठरते आणि कपातीला कायद्याने भरपाई आहे. राजीनाम्याला ती नाही.

आकडा मांडून पाहू. समजा, वर्षभर चालणाऱ्या कारखान्यात एका कामगाराची 18 वर्षे सलग नोकरी झाली आहे आणि मूळ पगार व महागाई भत्ता मिळून महिना 13,000 रुपये आहे. ग्रॅच्युइटीसाठी महिना 26 दिवसांचा धरतात, म्हणजे रोज 500 रुपये. वर्षाला 15 दिवसांप्रमाणे 18 वर्षांचे 1,35,000 झाले. कपातीची भरपाई वर्षाला 15 दिवसांच्या सरासरी पगाराची, म्हणजे 6,500 गुणिले 18, एकूण 1,17,000. एक महिन्याची नोटीस दिली नसेल तर तिचे 13,000. बेरीज 2,65,000. राहिलेला पगार, रजेचे पैसे, बोनस वेगळे, आणि पीएफ तर कामगाराच्या स्वतःच्या खात्यातला. अशा माणसापुढे ‘सगळे मिळून दोन लाख’ ठेवले, तर त्याला जादा काहीच मिळत नाही. त्याच्याच पैशातले 65,000 कापून वर दावा न करण्याची हमीही घेतली जाते.

हंगामी कामगाराचे गणित याहून तोकडे. हंगामापुरते काम करणाऱ्याला दर हंगामाला सात दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी मिळते. कपातीच्या भरपाईसाठी वर्षात 240 दिवस भरावे लागतात, ते बहुतेकांचे भरत नाहीत. त्यामुळे हजेरीची नोंद, पगाराची पावती, पीएफचा क्रमांक असे जे काही हाती असेल ते जपणे त्याच्यासाठी जास्तच गरजेचे.

मग सही केल्यावर काय उरते? कायद्याने ठरवून दिलेली ग्रॅच्युइटी खासगी कराराने बुडवता येत नाही. 1972च्या ग्रॅच्युइटी कायद्यातच तशी तरतूद होती. कायद्याच्या देण्यापेक्षा जास्त रक्कम घेऊन, विचार करून हक्क सोडला असेल, तर मात्र न्यायालय तो शब्द पाळायला लावते. ए. के. बिंदल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2003मध्ये हेच सांगितले. सरकारी खत कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे प्रकरण होते, मागणी पगारवाढीच्या फरकाची होती. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम कामाचा मोबदला म्हणून मिळत नाही, सगळे हक्क सोडून निघण्यासाठी मिळते, आणि ती घेतल्यावर जुन्या फरकासाठी परत येता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. सरकारी उद्योगांच्या 2000 सालच्या ‘गुजरात पॅटर्न’ या स्वेच्छानिवृत्ती योजनेत झालेल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षाला 35 दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला 25 दिवसांचा पगार देऊ केला होता. शेजारच्या नांदेडची उस्मानशाही मिल ज्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, त्याच्या बंद पडलेल्या गिरण्यांतही कामगारांना सुधारित स्वेच्छानिवृत्तीच देऊ केली गेली.

दुसरी बाजूही न्यायालयाने मांडली आहे. ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात, 1986 साली, दुबळ्या बाजूला नाइलाजाने मान्य कराव्या लागलेल्या अन्यायकारक अटी लागू होणार नाहीत, असे ठरले. पण जबरदस्तीने सही घेतली हे सिद्ध करणे सोपे नसते. वर्षभराने सांगितलेल्या तक्रारीपेक्षा दुसऱ्याच दिवशी कंपनीला आणि कामगार कार्यालयाला पाठवलेल्या रजिस्टर पत्राला कितीतरी जास्त वजन येते.

एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात नसते. कामगार कार्यालयातील समेट अधिकाऱ्यासमोर युनियनने तडजोड केली, तर ती सही न केलेल्या कामगारांनाही बांधते. म्हणून युनियनच्या बैठकीला न जाणे परवडत नाही.

अमेरिकेत 1990च्या कायद्याने चाळिशी ओलांडलेल्या कामगाराला असा कागद वाचायला 21 दिवस आणि सही मागे घ्यायला 7 दिवस मिळतात. ब्रिटनमध्ये स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला घेतल्याशिवाय असा करार टिकत नाही. आपल्याकडे कामगाराला अशी उसंत कायद्याने दिलेली नाही, आणि ती मिळायलाच हवी. निदान कागद घरी नेऊन कुणा जाणत्याला दाखवायला दोन दिवस मागण्यात काही गैर नाही. चेक घेण्यावाचून गत्यंतर नसेल तर सहीशेजारी ‘हक्क राखून रक्कम स्वीकारली’ एवढे लिहावे, तारीख स्वतःच्या हाताने घालावी आणि प्रत घेतल्याशिवाय उठू नये.

21 नोव्हेंबर 2025पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करण्याचे बंधन त्यांत आहे. कपात झालेल्या कामगारासाठी 15 दिवसांच्या पगाराइतकी रक्कम मालकाने पुनर्कौशल्य निधीत भरायची असून ती 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवी. मात्र कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली आहे. कामावरून काढल्याबद्दल दाद मागण्याची मुदतही तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे.