मुक्तछंदातील किशोर-कादंबरी : आशय आणि आकृतिबंध

अमेरिकन लेखिका एलेन हॉपकिन्स यांची ‘क्रँक’ (२००४) ही मुक्तछंदातील कादंबरी त्यांच्या मुलीच्या व्यसनाच्या अनुभवावर बेतलेली आहे. हुशार, आज्ञाधारक क्रिस्टिना वडिलांकडे जाते, मेथॅम्फेटामिनच्या आहारी जाते आणि ‘ब्री’ या नावाने वावरू लागते. काही पानांवर ओळी दोन स्तंभांत विभागलेल्या आहेत. त्यामुळे एकाच मुलीतील दोन आवाज डोळ्यांना दिसतात. घरी न सांगता येणारी गोष्ट मधल्या कोऱ्या जागेत राहते. गद्यात हे साधणे कठीण. अमेरिकेतील अनेक शालेय ग्रंथालयांतून ही कादंबरी काढून टाकण्यात आली. मात्र पुस्तक काढल्याने व्यसन थांबत नाही, फक्त त्याविषयी बोलण्याची एक वाट बंद होते. म्हणून अध्यापनात कथानकाइतकेच पानावरील मौनही वाचून दाखवणे अगत्याचे आहे.