भडकलेला तारा : स्फोट की पूर?

मागच्या नोव्हेंबरात सबमिशनच्या धबडग्यातून एक रात्र काढून आम्ही सहाजण टेलिस्कोप घेऊन पन्हाळ्यावर गेलो. पावसाळ्यात जिथे धुक्यात शेजारचा माणूस दिसत नाही, तिथे त्या रात्री आकाश लख्ख होतं. फायनल इयरच्या दादाने हंस तारकासमूहातला एक अंधुक ठिपका दाखवला. "हा एसएस सिग्नी. एरवी दीड-दोन महिन्यांनी भडकतो आणि थोड्या दिवसांत गप्प बसतो."

"म्हणजे नोव्हा!" मी म्हणाले.

"कशावरून? नुसता उजेड वाढला म्हणून?"

मी गप्प. मित्रांनो, हा लेख म्हणजे त्या व्हायव्हाचं उशिरा दिलेलं उत्तर.

एसएस सिग्नी हा एक तारा नाही, जोडी आहे. एक श्वेतबटू, म्हणजे जवळजवळ सूर्याइतकं वजन पृथ्वीएवढ्या गोळ्यात कोंबलेलं. दुसरा नारिंगी तारा. दोघे सुमारे साडेसहा तासांत एक फेरी मारतात. नारिंगी ताऱ्याचा वायू ओढला जातो, पण थेट पडत नाही; श्वेतबटूभोवती त्याची फिरती तबकडी तयार होते.

आता आपलं राधानगरी धरण आठवा. पाणी ठरावीक पातळीला आलं की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. तबकडीचं तसंच. वायू साठत जातो, तापतो, एका मर्यादेनंतर एकदम आत कोसळतो आणि तबकडी उजळते. हा बटू-नोव्हा. खऱ्या नोव्हात मात्र श्वेतबटूच्या पृष्ठभागावर साठलेल्या हायड्रोजनचा अणुस्फोट होतो आणि वायू बाहेर फेकला जातो. एक पूर, दुसरा बॉयलरचा स्फोट. लांबून दोन्ही म्हणजे फक्त वाढलेला उजेड!

इथे कामाला येतो वर्णपट. (मी कॉन्व्हेंटवाली, हा शब्द मला त्याच रात्री कळला.) ताऱ्याचा प्रकाश रंगांत पसरवला की त्यात रेषा दिसतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. हायड्रोजनची लाल रेषा 656.3 नॅनोमीटरवर. ही युक्ती आपल्या भागालाही जुनी आहे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात जॉन हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडीतून सूर्याच्या ज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या होत्या.

बटू-नोव्हा शांत असताना हायड्रोजनच्या रेषा तेजस्वी दिसतात आणि बऱ्याचदा दुहेरी. कारण तबकडीची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते. रेल्वेच्या शिट्टीचा स्वर बदलतो तसा रंग सरकतो. भडकल्यावर तबकडी दाट आणि गरम होते. मग निळसर अखंड पट्टा आणि त्यावर रुंद काळ्या रेषा. नोव्हात हायड्रोजनच्या, पुष्कळदा लोहाच्याही, रुंद तेजस्वी रेषा आणि त्यांच्या निळ्या बाजूला अनेकदा काळा खळगा दिसतो. तो आपल्या दिशेने सुटलेल्या वायूचा. आणि हायड्रोजन गायब, नुसता हेलियम? तर ती जोडी वेगळ्याच जातीची, जिथे देणाऱ्या ताऱ्याकडे हायड्रोजन उरलेलाच नाही.

गंमत सोडा, यात चूक खरंच झालेली आहे. डब्ल्यूझेड सॅजिटी हा तारा 1913 मध्ये भडकला, तेव्हा त्याची नोंद नोव्हा म्हणून झाली. 1946 मध्ये पुन्हा भडकला, तर 'पुन:पुन्हा होणारा नोव्हा' ठरला. 1978 च्या उद्रेकाची नीट निरीक्षणं झाली तेव्हा कळलं की हा बटू-नोव्हाच. पुढचा उद्रेक थेट 2001 मध्ये. म्हणजे 1978 ला ज्याची संधी हुकली, त्याला 23 वर्षं थांबावं लागलं. आपली बॅकलॉगची परीक्षा तरी सहा महिन्यांनी येते!

म्हणूनच आकाशावर रोज नजर ठेवणारे हौशी लोक आणि तातडीने वर्णपट घेणारी मोठी दुर्बीण, दोन्ही लागतात. जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची 2 मीटरची दुर्बीण आहे. तिच्यावर असं उपकरण आहे.

आमच्या साध्या जाळीतून त्या रात्री फक्त अभिजित ताऱ्याच्या काळ्या रेषा दिसल्या. एसएस सिग्नीसाठी ती अपुरी पडली. पण आता कुणी "तारा भडकला" म्हटलं, की मी उडी मारत नाही. आधी विचारते, "वर्णपट घेतला का?"