न्यूक्लिओफाइल कोण, इलेक्ट्रोफाइल कोण?

नवा बंध जुळताना इलेक्ट्रॉनांची जोडी देणारा तो न्यूक्लिओफाइल, घेणारा तो इलेक्ट्रोफाइल. ही नावे क्रिस्टोफर इंगोल्ड यांनी १९३३ मध्ये सुचवली. नुसता विद्युतभार पाहून त्यांची ओळख पटवू गेल्यास हमखास फसगत होते. अमोनियावर भार नाही, पण नायट्रोजनकडे मोकळी जोडी आहे. म्हणून तो न्यूक्लिओफाइल. बोरॉन ट्रायफ्लोराइडही उदासीनच, मात्र बोरॉनभोवती आठऐवजी सहाच इलेक्ट्रॉन असल्याने तो इलेक्ट्रोफाइल. उलट अमोनियम आयन धनभारित असूनही त्यातल्या नायट्रोजनपाशी नव्या जोडीला जागाच नसते.

एकाच रेणूत दोन्ही स्वभाव नांदतात. ॲसिटोनमधला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे शेजारच्या कार्बनवर अंशतः धनभार येतो. सायनाइड आयन त्या कार्बनवर हल्ला करतो. आम्लातला प्रोटॉन मात्र ऑक्सिजनला जाऊन चिकटतो.