जागा मिळत नाही, काढावी लागते

मुंबईकर जागेबद्दल बोलताना दोन निरनिराळी क्रियापदे वापरतो. जागा 'मिळते' ती नशिबाने, पागडीने किंवा उभ्या आयुष्याच्या हप्त्यांनी. पण एकदा घरात संसार मांडला की मग जागा 'काढावी' लागते. मुलीच्या शिलाई मशीनला जागा काढा, गावाहून शिकायला आलेल्या भाच्याला जागा काढा, गणपतीच्या दीड दिवसासाठी जागा काढा. विहिरीतून पाणी काढावे तशी ती काढायची आणि उद्या पुन्हा काढायची. हे क्रियापद डिलाईल रोडच्या माणसाला कुणी शिकवावे लागले नाही.

या रस्त्याचे नाव बदलून ना. म. जोशी मार्ग झाले, त्यालाही बराच काळ लोटला. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग सुरू केली, १९२० साली आयटकच्या स्थापनेत पुढाकार घेतला. कामगारवस्तीतल्या रस्त्याला त्यांचे नाव शोभतेच. पण जुन्या माणसाच्या तोंडी अजून डिलाईल रोडच आहे. त्याच १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यातल्या ३२ डिलाईल रोडच्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर वीस बिऱ्हाडे, म्हणजे एका चाळीत ८० खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक.

आज हा विषय काढण्याचे कारण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. डिलाईल रोडच्या चाळींचेही पुनर्विकासाचे काम सुरू झाले. शंभर वर्षे एकाच खोलीत रचत आणलेले सामान उतरवण्याची ही वेळ आहे. बरोबर काय न्यायचे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी त्या खोलीत एवढे सगळे मावत कसे होते, हे नीट पाहिले पाहिजे.

या खोलीचा नकाशा आडवा काढून उपयोग नाही, उभा काढावा लागतो. सगळ्यात खाली कॉट. तिच्या चारी पायांखाली दोन-दोन, तीन-तीन विटा. त्या विटांनी कॉट वर उचलली जाई आणि खाली एक अख्खे कोठार तयार होई. ट्रंका, धान्याचे डबे, कांदे-बटाट्यांची टोपली, जुन्या वह्या. समोरून चादर सोडली की पाहुण्याला काही दिसत नसे. कॉटवर दिवसा वळकट्या रचून त्यावर स्वच्छ पलंगपोस. म्हणजे रात्रीचे अंथरूण हेच दिवसाचे बसणे. कोपऱ्यात मोरी आणि मोरीजवळ पिंप, हंडे, कळशा. पाणी ठरल्या वेळीच यायचे, म्हणून घरातली मोठी साठवण धान्याची नव्हे, पाण्याची असे. त्याच्या वर भिंतीला मांडणी आणि फळ्या. त्यांवर डब्यांची उतरंड, मोठा खाली, धाकटा वर. जे डबे रिकामे ते एकात एक. दाराच्या मागे खुंट्या, खुंट्यांच्या वर दोरीची वलणी. आणि सगळ्यांच्या डोक्यावर माळा.

माळ्यावर गणपतीचे मखर, मोठी परात, जादा गाद्या, बाळाचा पाळणा. पाळणा एकदा वर गेला की तो पुन्हा खाली कधी येणार, याची चर्चा शेजारणी परस्पर करून टाकत! नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण प्रत्येक घरात एकच होता. रोज लागते ते हाताशी, आठवड्याला लागते ते फळीवर, वर्षाला लागते ते माळ्यावर. जड खाली, हलके वर. आणि नवे काही आत आणायचे तर जुने काय बाहेर जाणार, ते आधी सांगा.

मे महिना आला की या व्यवस्थेची खरी परीक्षा. आगोटीची बेगमी करायची. लालबागच्या बाजारातून मिरच्या आणून, वाळवून, कांडून वर्षाचा मसाला भरायचा. पापड, कुरडया, लोणची, कोकणातल्या घरी सुकी मासळी. मसाल्याच्या बरणीत हिंगाचे खडे घालून तिचे तोंड बांधले की ती मागे जाई आणि आदल्या वर्षीची पुढे येई. बँकेत आम्ही गोदामांवर कर्ज द्यायचो, तेव्हा आधी आलेला माल आधी बाहेर काढावा, हे तत्त्व तपासायला आम्हाला परिपत्रक लागे. या बायकांना लागत नसे.

पण माझ्या मते या खोलीची खरी हिकमत फळ्यांची नव्हती, घड्याळाची होती. एकच जागा दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामाची. सकाळी स्वयंपाकघर, दुपारी शिवणाचा वर्ग, संध्याकाळी अभ्यासिका, रात्री सात-आठ माणसांचे शयनगृह. घरात नवी सून आली की थोरली मंडळी काही न बोलता उशी-चादर उचलून गॅलरीत झोपायला जात. कुणी कुणाला सांगत नसे, कुणी उपकारही मानत नसे.

गावकऱ्यांच्या मंडळाच्या खोल्यांत तर घड्याळ हेच घरमालक होते. कोकणातून, साताऱ्याकडून आलेले, बायका-मुले गावी ठेवलेले गिरणीकामगार एका खोलीत पंधरा-वीसच्या संख्येने राहत. प्रत्येकाच्या वाट्याला एक ट्रंक, एक खुंटी आणि पथारीपुरती जमीन. एवढी माणसे मावत, कारण सगळी एका वेळी घरी नसत. पहिल्या पाळीचा निघाला की रातपाळीचा येऊन त्याच जागी आडवा होई. जेवण खानावळीत, म्हणून भांड्यांना जागा नको. बाकी सगळा संसार गावी. गाव हाच त्यांचा खरा माळा होता.

या परिसराच्या इतिहासात वेळेतून जागा काढल्याचे एक उदाहरण कुणीही विसरू नये असे आहे. साताऱ्याहून मुंबईला आल्यावर सुभेदार रामजी आंबेडकरांचे कुटुंब लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. खोलीत भांडीकुंडी, चूल, धूर, माणसे. शाळकरी भीमरावाने अभ्यास करायचा कुठे? वडिलांनी तोड काढली. मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि त्याच्या जागी आपण झोपायचे. धनंजय कीर यांच्या चरित्रात ही हकिकत आली आहे. पुढे परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांकडे दोन खोल्या होत्या, त्यातली एक अभ्यासाची झाली. आणि दादरला 'राजगृह' बांधले ते ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. पण पहिली जागा काढली ती एका बापाने, आपल्या झोपेतून.

एवढ्याशा जागेत राहण्याचे शास्त्र जगात आणखी एका जातीच्या लोकांना अवगत आहे. ते म्हणजे लहान बोटीतून लांबचा प्रवास करणारे. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. गोव्यात बांधलेली ही बोट ५६ फूट लांब. ऐकायला लांबी मोठी वाटते, पण त्यात शिडे, दोर, अवजारे, औषधे, पाणी आणि महिनोन्‌महिन्यांचे अन्न. अशा बोटींचे नियम वाचले की डिलाईल रोडची खोली आठवते. जड सामान तळाशी. झोपण्याच्या फळीखाली साठवण. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, इतकी की अंधारात हात घातला तरी तीच हाती लागावी. एकाच कामाची वस्तू शक्यतो नको. काय कुठे ठेवले त्याची यादी. खोलीतली यादी मात्र कागदावर नसे, ती आईच्या डोक्यात असे; आणि आई आठ दिवस माहेरी गेली की घराची बोट भरकटे.

गंमत अशी की, बीडीडी चाळी उभ्या राहत होत्या त्याच दशकात, १९२६ साली, मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुतज्ज्ञ बाईंनी जर्मनीत फ्रँकफर्टच्या कामगार घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले. त्यांनी आगगाडीच्या भोजनडब्यातले स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवले होते. सुमारे ७० चौरस फुटांत ओटा, खण, धान्याचे कप्पे, सगळे हाताच्या अंतरावर. बाईची पावले वाचावीत हा हेतू. आज जगभर जी ओट्याभोवतीची कपाटे आपण बसवतो त्यांची ही आजी म्हणायची. आपल्याकडे सरकारने बांधल्या त्या चार भिंती आणि एक मोरी. बाकीची आखणी, विटा कॉटखाली सरकवण्यापासून, घरातल्या बाईने केली. तिचे नाव वास्तुशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात नाही.

म्हणून या खोलीचे कौतुक करताना जरा थांबावेसे वाटते. आपल्याला जुन्या चाळीबद्दल बोलताना गळा दाटून आणायची सवय आहे. प्रत्येक चौरस फुटाची किंमत कुणीतरी मोजत होते. माळ्यावर चढण्यासाठी कॉटवर स्टूल आणि स्टुलावर पाय ठेवून तोल सावरणारी बाई. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून अंथरुणे गुंडाळणारी बाई, कारण ती गुंडाळल्याखेरीज चूल पेटवायला जागा नाही. सगळे झोपल्यावरच आडवी होणारी पुन्हा तीच. आणि १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा त्या खोल्या एका निराळ्याच रीतीने मोकळ्या होऊ लागल्या. आधी तांब्याचे हंडे गेले, मग पितळी डबे, मग शिलाई मशीन. फळ्यांवर जागाच जागा झाली. अशी मोकळीक कुणी मागितली नव्हती.

पुढे गिरणगावातल्या एका शाखेत मी लॉकर विभाग सांभाळत असे. लॉकर दोन चाव्यांनी उघडतो, एक बँकेची, एक खातेदाराची. आपली चावी फिरवून अधिकाऱ्याने बाहेर निघून जायचे. आत काय आहे ते त्याला कळत नाही आणि कळूही नये. पण माणूस आत किती वेळ थांबतो, ते दिसते. चाळीत राहणाऱ्या एक मध्यमवयीन बाई दोन-तीन महिन्यांनी येत. सगळ्यात लहान लॉकर. दागिने ठेवायला किंवा काढायला पाच मिनिटे लागतात. या बाई अर्धा तास थांबत. एकदा निघताना त्या आपणहून म्हणाल्या, "साहेब, सोनं नाही हो काही त्यात. माझं माझं म्हणून जे आहे ते तिथं ठेवलंय. घरात कुठं ठेवू? आमच्याकडे सगळ्याला जागा आहे, पण ती सगळ्यांना ठाऊक आहे."

मला वाटते, १६० चौरस फुटांबद्दल याहून नेमके कुणी सांगणार नाही. त्या खोलीत गव्हाला जागा निघाली, पाहुण्याला निघाली, देवाला निघाली, एखाद्याच्या अभ्यासालाही निघाली. निघाली नाही ती एकांताला. आणि बाईच्या एकांताला तर मुळीच नाही.

आता ५०० चौरस फूट. आकडा तिपटीहून मोठा आहे, आणि स्वतःचा संडास घरात, ही तर मोजता न येणारी सोय. पण सामानाचा स्वभाव पाण्यासारखा असतो, जागा दिसली की ते पसरते. नव्या घरात गेल्यावर वर्षभरात सोफा, दिवाण, काचेचे कपाट आणि न लागणारी यंत्रे येऊन बसली, तर ५०० फुटांत पुन्हा वाट काढत चालावे लागेल. म्हणून निघण्यापूर्वी एक रविवार घरातल्या सगळ्यांनी मिळून माळा उतरवावा. एकट्या आईने नव्हे. वर्षात एकदाही खाली न आलेल्या वस्तूला विचारावे, तू कुणासाठी आहेस? उत्तर आले नाही तर तिला निरोप द्यावा. आजीचा एखादा हंडा, वडिलांची गिरणीतली ट्रंक, असे एक-दोन ठेवावे, पण वापरात ठेवावे. ट्रंकेत गोधड्या राहतात आणि हंड्यात तुळसही लागते. चाळीत एका मजल्यावर एक चकलीचा सोऱ्या आणि एक मोठी परात पुरत असे, कारण त्या दारोदार फिरत. टॉवरमध्ये दारे बंद राहतात, म्हणून प्रत्येक घरात सगळे विकत घ्यावे लागते. शेजार टिकवला तर अर्धे सामान शेजारीच राहील.

आणि फर्निचरवाल्याला बोलावून मापे घ्यायला लागाल तेव्हा टीव्ही कुठे, फ्रीज कुठे, हे ठरवण्याआधी एक गोष्ट करा. घरातल्या ज्या बाईने इतकी वर्षे सगळ्यांसाठी जागा काढली, तिला विचारा की तुला कुठली जागा हवी. बहुधा ती म्हणेल, मला कशाला वेगळी जागा. तेवढ्यावर ऐकू नका. खिडकीजवळ एक खुर्ची, एक छोटे टेबल आणि त्याला एक खण असू द्या. खणाला कुलूप असावे आणि त्याची किल्ली एकच असावी, तिच्याकडे.