अर्धा व्हॉल्व्ह, अर्धा मॉस्फेट

१९५०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी मोटारींची बॅटरी ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेली आणि रेडिओ बनवणाऱ्यांच्या डोक्यात एक विचार आला. तोवर गाडीतल्या रेडिओच्या व्हॉल्व्हना लागणारा विजेचा मोठा दाब तयार करायला ‘व्हायब्रेटर’ नावाची सतत थरथरणारी डबी बसवावी लागे. ती गुरगुरायची, झिजायची आणि नेमकी प्रवासात बंद पडायची. थेट १२ व्होल्टवर चालणारे व्हॉल्व्ह काढले, तर ही कटकटच मिटणार होती. तसे व्हॉल्व्ह निघालेही. पण एवढ्याशा दाबावर लाउडस्पीकर हलवण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. नव्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरकडे ती होती, मात्र उच्च फ्रिक्वेन्सीची नाजूक कामे परवडणाऱ्या किमतीत करणारे ट्रान्झिस्टर अजून मिळत नव्हते. मग नाजूक काम व्हॉल्व्हकडे आणि हमाली ट्रान्झिस्टरकडे, अशी वाटणी झाली. काही वर्षांत सगळाच रेडिओ ट्रान्झिस्टरचा झाला आणि हा संसार मोडला.

गोदामांत पडून राहिलेल्या त्या व्हॉल्व्हना पुढे पुन्हा गिऱ्हाईक मिळाले. पीट मिलेट या अमेरिकी अभियंत्याने १२एई६, १२एफके६ असे मोटारीतले व्हॉल्व्ह घेऊन २४ व्होल्टवर चालणारा हेडफोन ॲम्प्लिफायर रचला आणि देशोदेशींच्या हौशी मंडळींनी तो आपापल्या टेबलावर उभा केला. आज घरोघरी जुळवले जाणारे हायब्रिड प्रीॲम्प याच वाटणीवर चालतात. त्यांच्याबाबत एक गंमत मात्र हमखास दिसते. आवाज गोड लागला तर श्रेय व्हॉल्व्हला, आणि घरघर आली तर ठपकाही व्हॉल्व्हवर. श्रेयाबद्दल वाद घालता येईल. ठपका बहुतेक वेळा खोटा असतो.

मुळात ही जोडी लागते कशाला? १२एयू७ म्हणजेच ईसीसी८२ हा हौशींचा लाडका व्हॉल्व्ह. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे स्टिरिओचे दोन्ही चॅनेल एकाच नळीत बसतात. नेहमीच्या जोडणीत तो सिग्नल बारा-चौदा पटींनी वाढवतो. पण त्याचा आउटपुट इम्पीडन्स असतो १० किलोओहमच्या घरात. समोरच्या पॉवर ॲम्पचा इनपुटही १० किलोओहमचाच असेल, तर निम्मा सिग्नल वाटेतच खर्ची पडतो. केबल लांब असेल तर आणखी पंचाईत: मीटरला १०० पिकोफॅरड धरले, तर १० मीटर केबलमध्ये १६ किलोहर्ट्झच्या आसपासच उतार लागतो आणि झांजांची धार बोथट होते. व्हॉल्व्हच्या मागे मॉस्फेट या ट्रान्झिस्टरचा सोर्स फॉलोअर जोडला की तो व्होल्टेज वाढवत नाही, पण हाच इम्पीडन्स काही दहा ओहमांवर आणून ठेवतो. हमाली म्हणायची ती ही.

कागदावर सर्किट दहा-बारा सुट्या भागांचे असते. चुका होतात त्या हाताने जोडताना, आणि पहिली चूक सॉकेटवर. नऊ पिनांच्या सॉकेटची गिनती खालून, म्हणजे सोल्डर करायच्या बाजूने, मोकळ्या फटीपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करतात. नवखा माणूस ती वरून करतो आणि सगळी जोडणी आरशातल्यासारखी उलटी होते. दुसरा सापळा याहून महाग. १२एयू७ला ४ आणि ५ या पिनांवर १२.६ व्होल्ट दिले की हीटर तापतो. ९ नंबरची पिन हीटरच्या मधोमध काढलेली असते. ६डीजे८, म्हणजे ईसीसी८८, हा नावाजलेला व्हॉल्व्ह त्याच सॉकेटमध्ये आरामात बसतो. पण त्याचा हीटर ६.३ व्होल्टचा आणि ९ नंबरची पिन आतल्या शिल्डची. ‘बसतोय तर लावून पाहू’ म्हणणाऱ्याला क्षणभर झगमगाट दिसतो आणि मग कायमचा अंधार.

हीटरला स्थिर १२.६ व्होल्ट द्यायची जुनी युक्ती म्हणजे ७८१२ रेग्युलेटरच्या ग्राउंडच्या पायात एक डायोड टाकणे. १२चे साधारण १२.६ होतात. आता दोन व्हॉल्व्ह, ०.३ अँपिअर, १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असा हिशेब मांडून पाहावा. ब्रिजनंतर शिखर येते साडेपंधरा व्होल्टच्या आसपास, त्यावर रिपल जवळजवळ दीड व्होल्ट. म्हणजे दर लाटेच्या तळाशी उरतात १४ आणि वर थोडे. रेग्युलेटरला मात्र निदान साडेचौदा हवेत. परिणाम असा की दुपारी प्रीॲम्प शांत असतो आणि संध्याकाळी गावातला दाब उतरला की घुरघुरू लागतो. बिचारा व्हॉल्व्ह बदलला जातो, घुरघुर तशीच राहते. इलाज १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर.

गुणगुण कोणत्या सुरातली आहे, हे कानाने ओळखता येते आणि निम्मे निदान तिथेच होते. ५० हर्ट्झचा खर्जातला, गोलसर हुंकार असेल तर संशय ग्राउंड लूपवर, ट्रान्सफॉर्मरच्या फार जवळून गेलेल्या सिग्नलच्या तारेवर किंवा हीटरला दिलेल्या एसीवर जातो. १०० हर्ट्झची खरखरीत भुणभुण असेल तर ती रेक्टिफायरनंतरची, म्हणजे पॉवर सप्लायची. पुढची पायरी व्हॉल्यूम शून्यावर आणण्याची. आवाज गेला तर दोष व्हॉल्यूमच्या आधी, तसाच राहिला तर नंतर. ग्राउंडच्या सगळ्या तारा एका ठिकाणी आणून बांधल्या की अनेक भुते आपोआप पळतात. धातूच्या पेटीला घरच्या अर्थिंगची तार जोडलेलीच हवी. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडणारे महाभाग आजही भेटतात. हा इलाज नव्हे, अपघाताला दिलेले आमंत्रण आहे.

पहिल्यांदा वीज देताना रेडिओ मेकॅनिकचा सिरीज बोर्ड काढावा: ६० वॉटचा तारेचा बल्ब मशीनच्या सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही, आणि तारेचा बल्ब शोधायला आता दुकाने पालथी घालावी लागतात, ही काळाची करणी. मोठ्या दाबाच्या सर्किटमध्ये वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेलाच असतो. १०० मायक्रोफॅरडवर २२० किलोओहमचा ब्लीडर असला तरी पुरता रिता व्हायला जवळपास दोन मिनिटे लागतात. मीटरने खात्री केल्याशिवाय आत बोट घालू नये.

मग व्होल्टेज मोजायचे. समजा सप्लाय २०० व्होल्टचा, प्लेटला ४७ किलोओहम, कॅथोडला १.८ किलोओहम. कॅथोडवर ३.६ व्होल्ट दिसले, म्हणजे २ मिलिअँपिअर वाहताहेत. प्लेटच्या रेझिस्टरवर ९४ व्होल्ट पडणार आणि प्लेटवर १०६ उरणार. प्लेटवर पुरते २०० दिसले तर करंटच वाहत नाही: हीटर थंड आहे, नाहीतर कॅथोडचा सांधा ड्राय सोल्डर आहे. प्लेट फारच खाली आली असेल, तर ग्रिडचा रेझिस्टर तुटलाय का आणि आधीचा कपॅसिटर गळतोय का, ते बघावे. एकच चॅनेल बिघडला असेल आणि दोन बाजूंना दोन वेगळे व्हॉल्व्ह असतील, तर त्यांची अदलाबदल करावी. दोष व्हॉल्व्हबरोबर सरकला तरच व्हॉल्व्ह गुन्हेगार. पेन्सिलीने काचेवर हलकी टिचकी मारल्यावर स्पीकरमधून ‘टंग’ असे घुमले, तर तो मायक्रोफोनिक आहे. तक्रार खरी, पण सॉकेटखाली रबर घातले की बरीच कमी होते.

सगळ्यात फसवा दोष असतो मॉस्फेटचा. गेटला अगदी खेटून शंभर ते हजार ओहमांचा रेझिस्टर नसेल, तर तो मेगाहर्ट्झमध्ये स्वतःशीच गाऊ लागतो. कानाला काहीच ऐकू येत नाही. फक्त हीटसिंक विनाकारण तापते, गाणे किंचित फाटते आणि तारेजवळ बोट नेले की मीटरचे आकडे हलतात. ऑसिलोस्कोप नसेल तर माणूस आठवडाभर भलतीकडेच शोधत बसतो. आणखी एक घोळ सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटाचा. व्हॉल्व्ह थंड असतो तेव्हा प्लेट आणि तिला जोडलेले गेट पूर्ण सप्लायपर्यंत चढतात. व्हॉल्व्ह तापला की दोन्ही धाडकन खाली येतात आणि तो धक्का आउटपुटच्या कपॅसिटरमधून स्पीकरपर्यंत पोहोचतो. म्हणून आउटपुटवर वेळ लावून सुटणारा रिले हवा, आणि गेट-सोर्समध्ये झेनर डायोड. गेट सहसा २० व्होल्टच्या पलीकडे तग धरत नाही.

स्वस्त चिनी किटांमध्ये ६जे१ नावाचे छोटे पेंटोड असतात. अनेक बोर्डांवर सॉकेटखाली नारिंगी किंवा निळा एलईडी बसवलेला असतो, म्हणजे व्हॉल्व्ह झळाळतोय असे वाटावे. खऱ्या हीटरचा मिणमिणता लालसर उजेड त्यापुढे फिका पडतो. याउलट कॉर्ग या वाद्ये बनवणाऱ्या कंपनीने २०१५ साली नोरिटाके कंपनीच्या मदतीने ‘न्यूट्यूब’ आणला, तो डिस्प्लेच्या तंत्रावर बनलेला चपटा ट्रायोड. फिलामेंटला अवघे १७ मिलिअँपिअर पुरतात. ॲम्प्लिफायर-रचनाकार नेल्सन पास यांनी त्याच्या पुढेमागे जेफेट लावून २४ व्होल्टचा प्रीॲम्प रचला. इथे टिचकीचीही गरज नाही. टेबलाला धक्का लागला तरी न्यूट्यूब घंटीसारखा निनादतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मॉस्फेट आणि ट्रान्सफॉर्मर सहज मिळतात. व्हॉल्व्हसाठी मात्र जुन्या मेकॅनिकांचे ड्रॉवर उपसावे लागतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले आणि त्या शिक्क्याचा माल अजून कुठेकुठे हाती लागतो. घेताना काचेच्या आतला चंदेरी डाग पाहावा. हा बेरियमचा थर, आत उरलेला वायू शोषून घ्यायला मारलेला. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेत हवा शिरली आहे. मग खोके करकरीत असो आणि दुकानदार शपथेवर ‘नवा माल’ सांगत असो, पैसे खिशातच ठेवावेत.